पंगतींतलें शेवटचें पान

पंगत बसली आहे, पानें अंदाजापेक्षां अधिक झालीं आहेत आणि भात पुरणार नाहीं अशी कुणकुण वाढप्याच्या कानीं आली आहे. अशा वेळीं शहाणा वाढपी काय करतो? तो मूद लहान करतो. पहिल्या पानापासूनच चार घांस कमी वाढतो, वरण आणि ताक सढळ हातानें फिरवितो, आणि घरच्या माणसांना मागच्या पंगतीस थांबण्याची खूण करतो. पहिल्या पन्नास पानांवर नेहमींच्या मुदी घालून शेवटच्या पांच पानांवरील पाहुण्यांस ‘उठा, भात संपला’ असें सांगणारा वाढपी आम्हीं तरी वऱ्हाडांत पाहिलेला नाहीं. जी गोष्ट पंगतींत लाजिरवाणी, तीच कचेरींत आणि कारखान्यांत व्यवहारचातुर्याची कशी ठरते, याचा थोडा विचार वाचकांसमोर मांडावा असें आमच्या मनांत पुष्कळ दिवस आहे.

विषय तसा जुना. परंतु अलीकडे तो मध्यमवर्गाच्या उंबरठ्याच्या आंत आला आहे. आमच्या जठारपेठेंत असें घर विरळा, कीं ज्यांतील एखादा मुलगा, मुलगी किंवा सून पुण्यास, हैदराबादेस अथवा बंगळुरास संगणकाच्या कचेरींत नाहीं. जुलै २०२५ मध्यें टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस या कंपनीनें आपल्या नोकरवर्गापैकीं सुमारें दोन टक्के, म्हणजे बारा हजारांहून अधिक माणसें कमी करण्याचें जाहीर केलें, आणि त्यांत मधल्या व वरच्या जागांवरील माणसांचा भरणा मुख्यतः राहील असेंही सांगितलें. सायंकाळीं फिरावयास निघालेली वडीलधारी मंडळी पूर्वीं मुलाच्या बढतीची गोष्ट आपण होऊन काढीत. आतां आवाज खालीं आणून ‘त्याच्याकडे सर्व ठीक ना?’ एवढेंच विचारतात. ही भीति गिरणीकामगाराच्या खोलीला नवी नव्हती; आमच्या ओसरीला ती नवी आहे.

संस्कृत शिकविण्यांत आयुष्य गेल्यामुळें कोणताही शब्द कानीं पडला कीं त्याचा मूळ अर्थ पाहण्याची आम्हांस खोड लागली आहे. हल्लींचीं मुलें ‘लेऑफ झाला’ म्हणतात तेव्हां नोकरी गेली असें त्यांस सांगावयाचें असतें. परंतु आपल्या कायद्यांत या शब्दाचा अर्थ जवळजवळ उलटा आहे. १९५३ सालीं कापडगिरण्यांत न खपलेल्या मालाचे ढीग सांचले आणि कामगारांवर बेकारीचें संकट आलें. तेव्हां २४ ऑक्टोबर १९५३ पासून औद्योगिक विवादांच्या १९४७ च्या कायद्यांत एक नवें प्रकरण घालण्यांत आलें. त्यानें दोन गोष्टी स्पष्टपणें वेगळ्या केल्या. कोळसा, वीज किंवा कच्चा माल यांचा तुटवडा, मालाचा सांठा, यंत्राचा बिघाड अशा कारणानें मालकाला काम देतां येत नाहीं, पण कामगाराचें नांव पटावर कायम राहतें, हा ‘ले-ऑफ’. आणि अशा बसून राहिलेल्या दिवसांबद्दल, एक वर्षाची सलग नोकरी झालेल्या कामगारास मूळ पगार व महागाई भत्ता यांच्या निम्मी भरपाई. याच्या उलट नांवच पटावरून काढणें ही ‘रिट्रेंचमेंट’, म्हणजे कपात. तिला एक महिन्याची नोटीस आणि नोकरीच्या दर वर्षामागें पंधरा दिवसांचें वेतन. २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेनेंही हा भेद राखला आहे. १९५३ ची ती भरपाई कारखाने, खाणी व मळे यांपुरती होती. कचेरींत बसणाऱ्यास तिचा आधार नव्हता. तें कसेंही असो; जो शब्द माणसाला वाईट दिवसांत पटावर राखून ठेवण्यासाठीं कायद्यांत आला, तोच आज माणसाला बाहेर घालविण्यासाठीं वापरला जातो, ही गोष्ट आम्हांस विचार करण्यासारखी वाटते.

काम थोडें झालें तर माणसें कमी करावयाचीं कीं प्रत्येकाचे तास कमी करावयाचे, हा खरा प्रश्न. त्यांत पुष्कळांचा असा समज दिसतो कीं तास ही न बदलणारी वस्तु आहे आणि माणूस ही बदलणारी. इतिहास याच्या अगदीं विरुद्ध साक्ष देतो. नारायण मेघाजी लोखंडे यांनीं १८८४ सालीं मुंबईच्या गिरणीकामगारांच्या सभा भरवून आठवड्यांतून एक दिवस सुटी मागितली, आणि ती रविवारची सुटी १८९० सालीं मिळाली. १९११ च्या कायद्यानें कापडगिरण्यांतील पुरुषांचा दिवस बारा तासांवर आणला. १९२२ च्या कायद्यानें आठवडा साठ तासांचा केला. १९३४ च्या कायद्यानें बारमाही कारखान्यांत तो चोपन्न तासांचा झाला. आणि १९४८ च्या कारखाना कायद्यांत अठ्ठेचाळीस तास ठरले. १९१९ सालीं वॉशिंग्टन येथें भरलेल्या पहिल्या आंतरराष्ट्रीय कामगार परिषदेस हिंदी कामगारांच्या वतीनें ना. म. जोशी गेले होते. ते एका अर्थीं आमच्या पेशांतले; सार्वजनिक कामांत पडण्यापूर्वीं त्यांनीं कांहीं वर्षें शाळामास्तरकी केली होती. पुढें जिनीव्हाच्या त्याच संस्थेनें १९३५ सालीं चाळीस तासांच्या आठवड्याचा ठराव संमत केला, तेव्हां जगभर पसरलेली बेकारी हें त्याचें कारण म्हणून त्या ठरावांतच नमूद करण्यांत आलें. तास वाटून माणसें कामावर ठेवावीं, हा विचार असा नव्वद वर्षांचा जुना आहे.

केवळ विचारच नव्हे, आचारही. अमेरिकेंत मिशिगन प्रांतांत बॅटल क्रीक नांवाचें गांव आहे. तेथें केलॉग यांचा न्याहारीच्या धान्यपदार्थांचा कारखाना. मंदीची लाट आली तेव्हां, १ डिसेंबर १९३० पासून, त्यांनीं आठ तासांच्या तीन पाळ्यांऐवजीं सहा तासांच्या चार पाळ्या सुरू केल्या आणि तासाचा दर वाढविला. त्यामुळें दिवसाची मजुरी घटली ती तासांच्या मानानें कमी घटली, आणि एका नव्या पाळीइतक्या माणसांना काम मिळालें. त्या कारखान्याच्या कांहीं खात्यांतून ही सहा तासांची पाळी १९८५ पर्यंत टिकून होती. जर्मनींत तर ही गोष्ट सरकारनेंच पद्धतशीर केली आहे. काम घटलें म्हणजे कारखानदार कामगारांचे तास कमी करतो, आणि बुडालेल्या निव्वळ पगारापैकीं शंभरास साठ, घरीं मूल असल्यास सदुसष्ट, या प्रमाणांत रक्कम बेकारी-विम्याच्या निधींतून मिळते. २००९ सालीं त्या देशाचें उत्पन्न शंभरास पांचांहून अधिक घटलें, तरी बेकारी फारशी वाढली नाहीं, याचें एक मोठें श्रेय या व्यवस्थेस दिलें जातें. एप्रिल २०२० मध्यें, साथीच्या दिवसांत, सुमारें साठ लक्ष माणसें अशा अल्पकाळाच्या कामावर होतीं. त्याच देशांत फोक्सवॅगन या मोटारकंपनीनें सुमारें तीस हजार माणसें काढण्याऐवजीं १९९४ पासून आठवडा ३६ तासांवरून २८.८ तासांवर आणला. कामगारांनीं उत्पन्नांतील घट सोसली आणि कंपनीनें कोणासही न काढण्याचें वचन दिलें.

आपल्याकडे असें कधीं झालेंच नाहीं असें मात्र नाहीं. २०१९ च्या पावसाळ्यांत मोटारींचा खप एकाएकीं मंदावला, तेव्हां टाटा मोटर्सनें पुण्याचा कारखाना मधून मधून कांहीं दिवस बंद ठेवला. महिंद्र कंपनीनें आपल्या कारखान्यांत तिमाहींत आठ ते चौदा दिवस उत्पादन न करण्याचें ऑगस्टमध्यें जाहीर केलें. पटावरच्या कायम कामगारापुरतें पाहिलें तर ही वाटणीच झाली. परंतु त्याच हंगामांत वाहनउद्योगांतील कंत्राटी आणि तात्पुरत्या माणसांना सरळ घरीं पाठविण्यांत आलें. येथें आपल्या समाजाची एक जुनी खोड दिसते. मुंबईच्या गिरण्यांत ‘बदली’ नांवाचा कामगार असे. तो रोज सकाळीं दरवाजाशीं उभा राही. कोणी गैरहजर असला तर त्याला काम मिळे, नाहीं तर तो परत जाई. १९३५ सालीं गिरणीमालकांच्या संघानें बदली कामगारांची नोंदणी करून या प्रकाराला थोडें वळण लावलें, तरी मूळ गोष्ट तीच राहिली: कामाची सारी अनिश्चितता एका वर्गाच्या माथीं, आणि निश्चितता दुसऱ्याच्या. १८ जानेवारी १९८२ रोजीं सुरू झालेल्या संपाच्या मागण्यांत बदली कामगारांस कायम करावें ही मागणी होती, तिचें मूळ यांतच आहे. एक तीळ सात जणांनीं वाटून खावा असें आपण मुलांस शिकवितों, पण ते सात जण कोण हें ठरवितांना आठव्यास दाराबाहेर उभा करतों.

आतां थोडें स्वतःचें सांगतों. कारण ही वाटणी आम्हीं स्वतः करून पाहिली आहे. जुन्या अकरावीची मॅट्रिक आणि पाठशाळेंतील संस्कृत एवढेंच आमचें भांडवल. सुमारें पंचवीस वर्षांपूर्वीं आम्ही एका खाजगी शाळेच्या विनाअनुदान शाखेंत शिकवीत होतों. तेथें भाषा शिकविणारे आम्ही तिघे होतों आणि प्रत्येकाकडे आठवड्यास तीस तासिका असत. जवळपास इंग्रजी माध्यमाच्या नव्या शाळा निघाल्या, आमच्या तुकड्या गळाल्या आणि नव्वद तासिकांच्या सहासष्ट झाल्या. चिटणिसांनीं बोलावून सांगितलें, ‘गुरुजी, हिशेब साधा आहे. दोघे राहतील, एकाला जावें लागेल.’ जाणार तो अर्थात् शेवटीं आलेला. त्याचें नुकतेंच लग्न झालेलें, वडील अंथरुणास खिळलेले. आम्हां दोघां जुन्यांचा पगार पूर्ण राहणार होता. आम्हांस कांहींच करावयाचें नव्हतें, फक्त गप्प बसावयाचें होतें.

आम्हीं सुचविलें कीं तिघांनीं बावीस-बावीस तासिका घ्याव्या. आमच्या दुसऱ्या सहकाऱ्यांस तें एकदम पटलें नाहीं, आणि त्यांचें म्हणणें वावगें नव्हतें. ते म्हणाले, ‘माझ्या दोन मुलींचीं लग्नें व्हायचीं आहेत. वीस वर्षें नोकरी केली ती ज्येष्ठतेचा आधार मिळावा म्हणूनच ना?’ चार दिवस आमचीं बोलणीं चाललीं. अखेर त्यांनीं चोवीस, आम्हीं बावीस आणि धाकट्यानें वीस असें ठरलें. आणि ज्याच्या वाट्यास सर्वांत कमी आलें तोच सर्वांत आधीं कबूल झाला. समान वाटणी आणि न्याय्य वाटणी या नेहमींच एक नसतात, हें आम्ही त्या चार दिवसांत शिकलों. संस्थेनेंही तें मान्य केलें.

आमचा पगार शंभरास त्र्याहत्तर झाला. घरांत ओढ लागली हें लपविण्यांत अर्थ नाहीं. दुधाचा रतीब अर्धा झाला, उन्हाळ्यांतील नाशिकचा प्रवास राहिला, आणि शिवणकामाचें यंत्र जें कोपऱ्यांत झांकून ठेवलेलें होतें तें पुन्हा चालूं लागलें. परंतु हिशेबाची दुसरी बाजू आमच्या कुटुंबानेंच आम्हांस दाखविली. ती एके दिवशीं म्हणाली, ‘अहो, पगाराला कात्री लागली ती दिसते. पण चार वाजतां चहाला घरांत माणूस असतें, हेंही जमेस धरा कीं!’ त्या मोकळ्या वेळांत गल्लींतील आठ-दहा मुलें ओसरीवर अमरकोश म्हणावयास बसूं लागलीं. काम कमी होणें आणि निकामी होणें यांत केवढें अंतर आहे, हें तेव्हां कळलें. आमच्या धाकट्या सहकाऱ्याचे वडील त्याच वर्षीं वारले. मुलगा नोकरीवर आहे हें पाहून ते गेले.

आतां दुसरा भाग. तिसऱ्या जूनमध्यें तुकड्या पुन्हा भरल्या आणि तासिका चौऱ्यायशी झाल्या. प्रत्येकास अठ्ठावीस तासिका मिळाल्या. पगार मात्र जुन्या घटलेल्या हिशेबानेंच येत राहिला. विचारलें तेव्हां उत्तर मिळालें, ‘गुरुजी, तुम्हींच तर मागितलें होतें.’ तिघांनीं सह्या करून अर्ज दिला. दुसऱ्या वर्षाच्या आरंभापासून पगार पूर्ववत् झाला, मधल्या वर्षाची बाकी कधींच आली नाहीं. आणखी एक गोष्ट त्या काळांत दिसली. शिपायाचे तास कोणी त्याला न विचारतांच कापले होते, आणि कार्यालयांतील वरिष्ठांच्या भत्त्यांस हातही लागला नव्हता. म्हणजे वाटणीची बुद्धि खालच्या तिघांना सुचली. ज्यांच्या हातीं पळी होती त्यांना तिची गरज वाटली नाहीं.

या अनुभवावरून आणि वर सांगितलेल्या उदाहरणांवरून आमच्या मनाशीं तीन अटी निश्चित झाल्या आहेत. पहिली अट मुदतीची. घट केव्हां संपणार, किती काम परत आलें म्हणजे किती पगार परत येणार, हें आरंभींच लेखी असावें. १९३१ च्या मंदींत सरकारनें आपल्या नोकरांच्या पगारांत शंभरास दहा अशी घट केली. ती १९३३ सालीं निम्मी झाली आणि १९३५ सालीं संपली. परकी सरकारास जें साधलें तें आपल्या संस्थांस व कंपन्यांस कां साधूं नये? दुसरी अट अशी कीं पगाराबरोबर तासही खरोखर घटले पाहिजेत. तास तेच आणि पगार कमी, याला वाटणी म्हणत नाहींत. ती नुसती पगारकपात. तिसरी अट वरून आरंभ करण्याची. ज्याच्या पानावर अधिक आहे त्याच्या पानावरून आधीं आणि अधिक कमी झालें, तर खालचा माणूस आपला वाटा तक्रार न करतां सोडतो. आमच्या धाकट्या सहकाऱ्यानें तो सोडला, कारण आम्हीं दोघांनीं आपला सोडलेला त्यानें पाहिला होता.

यावर एक आक्षेप विचारपूर्वक घेण्यासारखा आहे. धंदाच बसला असेल तर तास वाटून काय होणार? आमच्या अकोल्याला हें कोणी वेगळें सांगावयास नको. सावतराम रामप्रसाद गिरणी आणि मोहता गिरणी या दोन्ही १९७४ च्या कायद्यानें राष्ट्राच्या झाल्या, आणि पुढें दोन्ही बंद पडल्या. जुनीं यंत्रें, यंत्रमागांची स्पर्धा, कृत्रिम धाग्याचें कापड, असें सर्व बाजूंनीं पाणी शिरल्यावर सहा तासांच्या पाळीनें त्या तरल्या असत्या असें आम्ही म्हणणार नाहीं. मोर्णेला पूर आला तर काठावर थांबावें, पाणी उतरलें म्हणजे पलीकडे जावें. परंतु नदीनें पात्रच बदललें तर थांबण्यांत शहाणपण नाहीं. तास वाटणें हा पुराच्या दिवसांचा उपाय. मात्र पात्र बदललें असलें तरी दुसरी वाट शोधावयास माणसाला वेळ लागतो, आणि तो वेळही अर्ध्या कामानें, अर्ध्या पगारानें देतां येतो. सकाळीं पत्र हातीं ठेवून दुपारीं ओळखपत्र काढून घेणें, यापेक्षां तें अधिक माणुसकीचें आणि, नवें काम शिकून तयार झालेला माणूस घरांतच राहत असल्यामुळें, पुष्कळदां अधिक फायद्याचेंही. जर्मनीसारखा विमा आपल्याकडे नाहीं. २०१८ सालीं सुरू झालेली अटल बीमित व्यक्ति कल्याण योजना राज्य विमा लागू असलेल्या कामगारास कांहीं दिवस मदत देते, पण ती नोकरी गेल्यावर. नोकरी जाऊं नये म्हणून देण्याची मदत आपण अजून योजावयाची आहे.

दुसरा आक्षेप असा कीं बुद्धीचें काम सुतासारखें मोजून वाटतां येत नाहीं. हें अंशतः खरें. परंतु मग ऑक्टोबर २०२३ मध्यें इन्फोसिसचे संस्थापक नारायण मूर्ति यांनीं तरुणांस आठवड्यास सत्तर तास काम करण्याचा उपदेश केला, आणि जानेवारी २०२५ मध्यें लार्सन ॲन्ड टुब्रोच्या अध्यक्षांची नव्वद तासांची इच्छा वर्तमानपत्रांत आली, ती कशाच्या आधारावर? तास वाढवितांना जें काम मोजतां येतें, तें कमी करतांना मोजतां येत नाहीं असें कसें? एकाच धंद्यांत एकानें सत्तर तास राबावें आणि शेजारच्यानें शून्य तास, ही काय कामाच्या तुटवड्याची खूण झाली? आमच्या अल्प गणिताप्रमाणें सत्तर आणि शून्य यांची बेरीज दोघांत वाटली तर प्रत्येकीं पस्तीस येतात.

मालक आणि सरकार आपलें काय तें करतील. आम्हां गृहस्थांच्या हातीं एक गोष्ट आहे. ज्या घराचा सारा पगार पहिल्या तारखेलाच घराच्या आणि मोटारीच्या हप्त्यांत जातो, त्या घरांतल्या मुलाला ‘मी चार दिवस कमी काम करतों, पण शेजारच्याला काढूं नका’ असें म्हणण्याची इच्छा असली तरी सोय नसते. म्हणून पगाराच्या चौथ्या हिश्शावांचून सहा महिने घर चालेल एवढी शिल्लक तरुणांनीं ठेवावी, आणि आईबापांनीं मुलाच्या पगाराचा आंकडा चारचौघांत सांगण्याची संवय सोडावी. तो आंकडा एकदां घराण्याची प्रतिष्ठा झाला कीं त्यांतला एक रुपया दुसऱ्यासाठीं सोडणें मुलाला जड जातें. औदार्यालाही थोडी गंगाजळी लागते. ती आज घरोघर सांठूं लागली, तर उद्यां कचेरींत तोंड उघडण्याचें धैर्य आमच्या मुलांना आपोआप येईल.